कमी प्रदूषणाची गाडी घेताना: नावांचा गुंता पायरीपायरीने सोडवावा

इंदूरमधल्या कोणत्याही मोठ्या शोरूममध्ये आज एकाच रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’, ‘स्ट्राँग हायब्रिड’, ‘ईव्ही’, ‘सीएनजी’, ‘ई-२०’ आणि ‘बीएस ६’ अशी निरनिराळी चिन्हे दिसतात, आणि विक्रेता त्या सगळ्यांचे वर्णन ‘पर्यावरणपूरक’ या एकाच शब्दाने करून मोकळा होतो. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याचा गोंधळ होतो तो नेमका येथे, कारण ही नावे एकाच पंक्तीतली नाहीत. काही नावे गाडी कशावर चालते हे सांगतात, काही तिने धुराची कोणती सरकारी मर्यादा पाळली आहे हे सांगतात, काही पंपावरच्या इंधनात काय मिसळले आहे हे सांगतात, आणि काही निव्वळ कंपनीने ठेवलेली असतात. त्यामुळे एकच गाडी एकाच वेळी बीएस ६, ई-२० आणि स्मार्ट हायब्रिड असू शकते आणि तरीही ती पेट्रोलची गाडीच असते. पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने विक्रेत्याला प्रश्न विचारावेत.

पहिली पायरी: गाडीत बाहेरून काय भरावे लागते, ते विचारावे

डिकीवरचे नाव काहीही असो, प्रथम एवढेच विचारावे की या गाडीत बाहेरून काय भरावे लागेल. फक्त पेट्रोल भरावे लागत असेल, तर तिची सर्व ऊर्जा पेट्रोलमधूनच येते, मग तिच्यात कितीही बॅटऱ्या आणि मोटारी असोत. फक्त विजेची केबल लावावी लागत असेल, तर ती बॅटरीवरची गाडी होय. पेट्रोल आणि केबल दोन्ही लागत असतील, तर तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. आपल्याकडे अशा गाड्या महागड्या परदेशी कंपन्यांच्या थोड्याच आहेत, म्हणून सामान्य खरेदीदाराने त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

हायब्रिडचे दोन प्रकार मात्र नीट वेगळे करावे लागतात, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. ‘माइल्ड हायब्रिड’ किंवा ‘स्मार्ट हायब्रिड’ गाडीत स्टार्टर आणि जनरेटर यांचे काम करणारी एक छोटी मोटर असते. सिग्नलवर गाडी थांबली की इंजिन बंद होते, क्लच दाबताच ते पुन्हा सुरू होते आणि वेग घेताना मोटर इंजिनाला किंचित हातभार लावते. ही मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. ‘स्ट्राँग हायब्रिड’ गाडी मात्र पार्किंगमधून बाहेर पडताना किंवा राजवाड्याभोवतीच्या गर्दीत सरकताना इंजिन बंद ठेवून काही अंतर केवळ मोटरवर जाऊ शकते. मारुतीची ग्रँड व्हिटारा या दोन्ही रूपांत विकली गेली आहे, म्हणून तिचे उदाहरण सोयीचे आहे. माइल्ड हायब्रिड मॅन्युअल रूपाचा प्रमाणित एव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर आणि स्ट्राँग हायब्रिडचा २७.९७ किलोमीटर असा जाहीर झाला होता. बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत एवढा फरक केवळ ‘हायब्रिड’ या शब्दाआधीच्या विशेषणामुळे पडतो.

‘सेल्फ-चार्जिंग हायब्रिड’ ही जाहिरातीतली संज्ञा आहे आणि तिने विशेष प्रभावित होण्याचे कारण नाही. गाडी स्वतः वीज निर्माण करते हे खरे, पण ती वीज इंजिनातून, म्हणजे पेट्रोलमधून, आणि ब्रेक लावताना अन्यथा वाया गेलेल्या गतीतून येते. ब्रेकमधून वीज परत मिळवण्याच्या या क्रियेला ‘रीजनरेशन’ म्हणतात. महूच्या पुढे मानपूरजवळचा भेरूघाट उतरताना ही क्रिया डॅशबोर्डवर स्पष्ट दिसते: चाकांकडून बॅटरीकडे जाणारे बाण सुरू होतात आणि बॅटरीची पातळी चढू लागते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिड रूपातील बॅटरी मात्र सुमारे पाऊण किलोवॅट-तासाचीच असल्याने ती लवकर भरते, आणि त्यानंतरच्या उताराची गती साठवायला तिच्यात जागा उरत नाही. बॅटरीवरच्या गाडीची बॅटरी कितीतरी पटीने मोठी असल्यामुळे ती हाच घाट अधिक उपयोगात आणते. अर्थात ती आधीच पूर्ण भरलेली असेल, तर तिचीही तीच गत होते.

दुसरी पायरी: आरसीवर इंधनाची नोंद काय होणार, ते पाहावे

डिकीवरचे नाव कंपनीचे असते, पण आरसीवरची नोंद सरकारी असते आणि कर, विमा, पुढची विक्री हे सर्व तिच्यावर चालते. केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीत ‘पेट्रोल’, ‘पेट्रोल/सीएनजी’, ‘पेट्रोल/हायब्रिड’, ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’, ‘प्युअर ईव्ही’ अशा नोंदी आढळतात. ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’ या नोंदीतली शेवटची दोन अक्षरे पाहून ती विजेची गाडी आहे असे समजू नये. ‘पेट्रोल/हायब्रिड’ एवढीच नोंद असेल, तर माइल्ड की स्ट्राँग हे तिच्यावरून नेहमी कळत नाही, त्यामुळे जुनी गाडी घेताना मॉडेलचे पूर्ण नाव तपासावे.

नंबरप्लेट हा याहून सोपा पुरावा आहे. बॅटरीवरच्या खासगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात आणि बॅटरीवरच्या टॅक्सीला हिरव्या पाटीवर पिवळी. हायब्रिड गाडीला, ती कितीही ‘स्ट्राँग’ असली तरी, इतर खासगी गाड्यांप्रमाणे पांढरीच पाटी मिळते. समोरच्या काचेवरील इंधनाच्या स्टिकरचा रंग पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिकट निळा, तर डिझेलसाठी नारिंगी असतो, आणि त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस ६ आहे, एवढाच त्या पट्टीचा अर्थ आहे. हिरवी पट्टी आणि हिरवी पाटी यांची गल्लत अनेक जण करतात.

पैशाच्या दृष्टीने या नोंदीला फार महत्त्व आहे. बॅटरीवरच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के आहे, आणि चार मीटरपेक्षा लांब स्ट्राँग हायब्रिड दुसऱ्या गटात मोडते. रोड टॅक्समधील सवलत हा राज्याचा विषय आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, ही बातमी वाचून इंदूरला तीच सवलत गृहीत धरणे चुकीचे ठरेल. येथील कोटेशनवर रोड टॅक्सचा आकडा स्वतंत्र लिहून घ्यावा.

तिसरी पायरी: बीएस ६ आणि पीयूसी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

‘बीएस ६’ म्हणजे भारत स्टेजची सहावी पायरी. ती १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली आणि बीएस ५ ही पायरी मध्ये वगळण्यात आली. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली, आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला, ज्यात प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर गाडीला उपकरण जोडून धूर मोजावा लागतो. म्हणून ‘बीएस ६ फेज २’ ही नुसती सजावटीची पुस्ती नाही; वापरलेली गाडी घेताना २०२२ आणि २०२४ च्या गाडीत हा खरा फरक आहे.

डिझेल घेणाऱ्याने आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. ‘डीपीएफ’ ही काजळी अडवणारी गाळणी आहे. ती अधूनमधून तापून काजळी जाळते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रामबाग ते पलासिया एवढीच रोजची धाव असणाऱ्याची गाळणी तुंबण्याची शक्यता जास्त असते. ‘डीईएफ’ हे युरियाचे द्रावण असून ते वेगळ्या टाकीत भरावे लागते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी नवी डिझेल गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीएस ६ मध्ये कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण यांच्यावर मर्यादा आहे. कार्बन डायऑक्साइडवर नाही. पहिले चार घटक श्वासावाटे आपल्या फुप्फुसांत जातात, पाचवा हवामान तापवतो, आणि दोन्हींना मराठीत आपण सरसकट ‘प्रदूषण’ म्हणतो. कार्बन डायऑक्साइडसाठी ‘कॅफे’ नावाचा वेगळा नियम आहे, पण तो कंपनीच्या विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरीला लागतो. २०२२-२३ पासूनचे उद्दिष्ट किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमचे आहे. आपल्या एका गाडीला ‘कॅफे’चे प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे कोणी तसे सांगितले तर ते बाजूला ठेवावे.

पीयूसीची पावती याहून मर्यादित असते. बीएस ४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारीसाठी तिच्यावर आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम अशी मर्यादा छापलेली असते आणि शेजारी आपल्या गाडीचे आकडे असतात. म्हणजे गाडी उभी असताना पेट्रोल नीट जळते की नाही, एवढेच तिथे तपासले जाते. पावतीवरचे आकडे मर्यादेच्या अगदी जवळ असतील, तर पुढच्या पीयूसीची वाट न पाहता गाडी मेकॅनिकला दाखवावी. बॅटरीवरच्या गाडीला पीयूसी लागत नाही.

चौथी पायरी: सीएनजी आणि बायो-सीएनजी

सीएनजी पंपावर किलोने मिळते, पण टाकीचे आकारमान लिटरमध्ये सांगितले जाते, आणि त्यामुळे ‘साठ लिटरची टाकी’ ऐकून साठ एकक इंधनाची कल्पना डोक्यात येते. हे साठ लिटर म्हणजे त्या सिलिंडरमध्ये मावणारे पाणी होय. गॅस त्यात साधारण आठ-नऊ किलोच भरतो. किलोला २४ किलोमीटर धरले, तर एका भरणीत दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. जुनी गाडी पाहताना डिकी उघडून सिलिंडरजवळची धातूची पट्टी वाचावी, तिच्यावर शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष असते. बाहेरून किट बसवले असेल, तर आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद झालेली असलीच पाहिजे. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

इंदूरकरांना ‘बायो-सीएनजी’ हा शब्द सिटी बसमुळे परिचित आहे. देवगुराडिया येथील महापालिकेच्या प्रकल्पाचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. दररोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि सुमारे १७,००० किलो वायू तयार करण्याची त्याची क्षमता आहे. इंजिनाच्या दृष्टीने साधा सीएनजी आणि हा वायू यांत काही भेद नाही, दोन्हींत मुख्यतः मिथेनच असतो. भेद कार्बनच्या उगमात आहे: एक जमिनीखालून येतो, दुसरा आपल्या घरच्या भाजीच्या देठांतून. गाडीवर मात्र ‘बायो’ असे काही नसते, त्यामुळे ‘बायो-सीएनजीची गाडी’ म्हणून कोणी जादा किंमत मागितल्यास देऊ नये.

‘ई-२०’विषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले आहे आणि गाडीचे पाइप व सील त्याला टिकतील असे बनवले आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून एव्हरेज थोडा घटतो. ई-२० साठी न बनलेल्या गाड्यांत ही घट ३ ते ६ टक्के असल्याचे सरकारने म्हटले आहे. ‘फ्लेक्स-फ्युएल’ गाडी वेगळी असते आणि ती याहून कितीतरी जास्त प्रमाणातले इथेनॉल चालवून घेते.

पाचवी पायरी: किलोवॅट, किलोवॅट-तास आणि रेंज

बॅटरीवरच्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘किलोवॅट’ आणि ‘किलोवॅट-तास’ शेजारीशेजारी छापलेले असतात. नर्मदेचे पाणी येण्याच्या दिवशी घरचा हौद केवढा आहे ही एक गोष्ट आणि नळाची धार किती जोरात आहे ही दुसरी. किलोवॅट-तास म्हणजे हौद आणि किलोवॅट म्हणजे धार. एक किलोवॅट-तास म्हणजेच विजेच्या बिलावरचे एक युनिट, त्यामुळे हे माप आपल्याला मुळीच नवीन नाही. ४५ किलोवॅट-तासाची बॅटरी रिकामी असेल तर ती भरायला ४५ युनिटे लागतात, आणि चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी आणखी चार-सहा युनिटे मीटरवर चढतात. पंधरा-सोळा अँपियरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटची धार मिळते, म्हणजे संपूर्ण भरणीला सुमारे पंधरा तास, ७.२ किलोवॅटच्या घरगुती चार्जरवर सुमारे सात तास. हा चार्जर बसवण्यापूर्वी बिलावर ‘स्वीकृत भार’ या रकान्यात किती किलोवॅट लिहिले आहेत ते पाहावे. तेथे ३ किंवा ४ लिहिलेले असेल, तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल. सुदामानगरातील जुन्या घरांत वायरिंगही तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. महामार्गावरचे जलद चार्जर ‘डीसी’ असतात आणि त्यांचा प्लग ‘सीसीएस २’ प्रकारचा असतो. त्यांच्या जाहिरातीत ‘१० ते ८० टक्के’ एवढाच वेळ दिलेला असतो, कारण त्यानंतर धार मुद्दाम कमी केली जाते.

आता रेंज. जाहिरातीतला मोठा आकडा ‘एमआयडीसी’ या भारतीय चाचणीचा असतो. औद्योगिक वसाहतीशी त्याचा संबंध नाही. ही चाचणी प्रयोगशाळेत चाकांखाली फिरणाऱ्या रोलरांवर, एसी बंद ठेवून होते आणि तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. तिचा पहिला भाग शहरातल्या संथ वाहतुकीसारखा आणि दुसरा थोडा वेगवान असतो. केवळ पहिल्या भागाचा आकडा छापला की रेंज फुगलेली दिसते. टाटाच्या कर्व्ह ईव्हीच्या ५५ किलोवॅट-तासाच्या रूपाचा आकडा पहिल्या भागानुसार ५८५ किलोमीटर आणि दोन्ही भागांनुसार ५०२ किलोमीटर होता, तर प्रत्यक्ष वापरासाठी कंपनीने स्वतःच ४०० ते ४२५ किलोमीटर सांगितले. स्कूटरचीही हीच स्थिती आहे. एथरच्या ४५० एक्सचा २०२२ मधला प्रमाणित आकडा १४६ किलोमीटर आणि कंपनीचा ‘ट्रू रेंज’ १०५ किलोमीटर होता. कंपन्यांनी दुसरा आकडा जाहीर करणे हा प्रामाणिकपणाच आहे, पण शोरूमच्या फलकावर सहसा पहिलाच असतो.

वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बॅटरीवरच्या गाडीचा एव्हरेज पेट्रोलच्या अगदी उलट, शहरात चांगला आणि महामार्गावर कमी मिळतो. आपल्या अनेक घरांतून वर्षातून एक-दोनदा नाशिक-पुण्याला जाणे होतेच. नाशिक इंदूरहून सुमारे ४०० किलोमीटर आहे. ५०२ हा आकडा पाहून एका चार्जमध्ये नाशिक गाठण्याचा बेत आखू नये. मेमध्ये एसी लावून ताशी शंभरच्या वेगाने जाताना वाटेत एकदा तरी थांबावेच लागेल, आणि तो थांबा धुळ्याच्या अलीकडे कोठे घेता येईल हे खरेदीआधीच नकाशावर पाहून ठेवावे. इंदूरच्या शेजारी पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ ही गाड्यांची चाचणी घेणारी केंद्राची संस्था आहे आणि तिचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तरीही तिथल्या चाचणीचा आकडासुद्धा आपल्या उजव्या पायाची सवय मोजू शकत नाही.

सहावी पायरी: ‘शून्य उत्सर्जन’ कुठे शून्य आहे

बॅटरीवरच्या गाडीला सायलेन्सर नसतो, त्यामुळे पलासिया चौकात तिचे उत्सर्जन खरोखरच शून्य असते, आणि तिथे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या दृष्टीने हे मोलाचे आहे. वीज मात्र खंडवा जिल्ह्यातील सिंगाजी औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणांहूनही येते. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. मीटरवरच्या एका युनिटमध्ये गाडी सहा किलोमीटर गेली, तर किलोमीटरला सुमारे ११७ ग्रॅम होतात. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो: लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १५३ ग्रॅम, तर २२ देणारी स्ट्राँग हायब्रिड १०५ ग्रॅम सोडते. एक किलो मिथेन जळून २.७५ किलो निघतो, म्हणून किलोला २४ किलोमीटर देणारी सीएनजी गाडी ११५ ग्रॅमवर येते. तेल शुद्धीकरण, कोळशाची वाहतूक, विजेची गळती आणि बॅटरीची निर्मिती यांचा हिशेब यात धरलेला नाही.

हे आकडे पाहून विजेची गाडी निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पेट्रोलच्या गाडीचा आकडा आयुष्यभर तोच राहतो किंवा वाढतो, तर विजेचा आकडा ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसा घटत जातो. ज्याच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत आणि जो दुपारी गाडी चार्ज करू शकतो, त्याचा आकडा आजच फार कमी आहे. रोजची धाव बहुतांश शहरात आणि पार्किंग स्वतःची असेल तर बॅटरीवरची गाडी, वर्षातून अनेकदा लांबचा प्रवास असेल तर स्ट्राँग हायब्रिड, आणि बजेट आखडते असेल तर कंपनीतून आलेली सीएनजी, असा माझा कल आहे.

सातवी पायरी: ‘आरटीओ नको’ म्हणणारी स्कूटर

घरातल्या मुलांसाठी किंवा ज्येष्ठांसाठी लायसन्स आणि नंबरशिवाय चालणारी विजेची स्कूटर विकली जाते. नियमाने ही सूट केवळ २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या दुचाकीला आहे. विक्रेता हळूच ‘एक वायर काढली की चाळीसने पळते’ असे सांगू लागला, तर तेथून निघावे. ती वायर काढताच ती नोंदणी आणि विमा नसलेली मोटरसायकल ठरते, आणि अपघात झाल्यास जबाबदारी मालकावर येते.

शेवटची पायरी: बुकिंगपूर्वी लिहून घ्यावयाचे

कोटेशनच्याच कागदावर विक्रेत्याकडून आरसीवर होणारी इंधनाची नोंद, एव्हरेज किंवा रेंज कोणत्या चाचणीतील आणि तिच्या कोणत्या भागातील आहे, बॅटरी किती किलोवॅट-तासाची आहे आणि घरचा चार्जर किमतीत धरलेला आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे. बॅटरीची वॉरंटी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी सांगितली जाते. त्यापुढे ‘क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल’ आणि ‘दुसऱ्या मालकाला ती लागू राहील का’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर तोंडी मिळाले, तर वॉरंटीची पुस्तिका मागून संबंधित पान विक्रेत्यासमोरच वाचावे आणि मगच टोकनचे पैसे द्यावेत.